शिवेवरचा पहारा

शीव म्हणजे गावाची सीमा. मुंबई बेटाच्या ईशान्येस वसलेल्या आमच्या शीव वस्तीला हे नाव मिळाले ते उगीच नव्हे. इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील टेकडीवर किल्ला बांधला तोही ह्याच अर्थाने. अलीकडे त्यांची मुंबई आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी होती. १७३९ नंतर ती साष्टी मराठ्यांची झाली. राज्याची हद्द जेथे संपते तेथे पहारा बसवावा, हा राज्यकर्त्यांचा पहिला धर्म. तो त्या परक्या व्यापाऱ्यांनीही ओळखला होता.

आम्ही शाळेत शिकवीत असू त्या काळी इतिहासाचा एखादा तास ह्या टेकडीवर भरत असे. पडक्या भिंतीशी मुलांना उभे करून आम्ही विचारीत असू, "येथला पहारेकरी कोणती दिशा पाहत असेल?" मुले तत्काळ उत्तरेकडे, साष्टीकडे बोट दाखवीत. उत्तर बरोबर होते, परंतु ते त्या काळापुरते. आज त्या टेकडीवर उभ्या राहिलेल्या सुजाण नागरिकाने दृष्टी पूर्वेकडे वळविली पाहिजे. माहुल आणि तुर्भ्याच्या बाजूला तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुरांडी दिसतात. त्यांपलीकडे बंदर आहे. बंदरातील जवाहर बेटाच्या धक्क्याला तेलाची जहाजे लागतात आणि त्यांतले कच्चे तेल नळांवाटे ह्या कारखान्यांत येते. मुंबई बंदर आणि न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर ह्या दोहोंची समुद्राकडील मुख्य वाट एकच आहे. पश्चिम आरमाराच्या युद्धनौकांनाही गोदीतून खुल्या समुद्रावर जावयाचे तर त्याच वाटेने जावे लागते. मुंबईची खरी शीव आज खाडीच्या काठी राहिलेली नाही. ती ह्या वाटेच्या पाण्याखाली आहे, आणि तेथील पहाऱ्याविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे.

ही वाट बंद पाडण्यास मोठे आरमार लागत नाही. पाच-पंचवीस पाणसुरुंग पुरतात. एखाद्या साध्या व्यापारी जहाजाने रात्री ते मागच्या मागे सोडून द्यावेत आणि आपल्या वाटेने निघून जावे. ही कल्पनेची भरारी आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी १९१७ सालचा मुंबईचा इतिहास पाहावा. पहिल्या महायुद्धात 'वोल्फ' नावाचे जर्मन जहाज व्यापारी जहाजाचे सोंग घेऊन हिंदी महासागरात शिरले. कार्ल नेर्गर हा त्याचा कप्तान. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्याने प्रथम कोलंबोपुढे आणि नंतर मुंबईपुढे सुरुंग पेरले. पेरणारा दिसला नाही, पेरलेले दिसले नाही. चार महिन्यांनी, २३ जून १९१७ रोजी, 'मंगोलिया' हे पी. अँड ओ. कंपनीचे उतारूंचे मोठे जहाज मुंबईनजीक ह्याच सुरुंगावर आपटून बुडाले आणि वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्या सुमारास 'वोल्फ' कोठे होते? हजारो मैल दूर, न्यूझीलंडच्या किनाऱ्यापाशी, तेथेही सुरुंग पेरण्याच्या उद्योगात! शत्रू निघून जातो आणि त्याचे शस्त्र आपल्या दाराशी वाट पाहत बसते. पाणसुरुंगाची भीती आहे ती ह्यामुळे.

ह्या शस्त्राला गरीब राष्ट्राचे आरमार म्हटले तर चूक होणार नाही. कोरियाच्या युद्धात ऑक्टोबर १९५० मध्ये वॉन्सान बंदरात उतरू पाहणाऱ्या अमेरिकेच्या बलाढ्य नौदलाला सुमारे तीन हजार सुरुंगांनी समुद्रातच खोळंबून ठेवले. 'पायरेट' आणि 'प्लेज' ह्या त्याच्या दोन सुरुंगशोधक नौका १२ ऑक्टोबर रोजी एकाच दिवशी बुडाल्या. १९८८ साली इराणच्या आखातात 'सॅम्युएल बी. रॉबर्ट्स' ही अमेरिकी युद्धनौका एका सुरुंगाने जवळजवळ दुभंगली. त्या सुरुंगाचा मूळ आराखडा १९०८ सालचा, झारच्या रशियातील होता. फार दूर कशाला, आमच्या शेजारचे उदाहरण घ्या. १९७१ चे युद्ध तेरा दिवसांत संपले. परंतु चितगाव बंदराच्या वाटेत पाकिस्तानने पेरलेले सुरुंग युद्धाबरोबर संपले नाहीत. प्रथम आपल्या सुरुंगशोधक नौका त्या कामाला लागल्या. पुढे सोव्हिएत नौदलाची तुकडी आली आणि सुरुंग व बुडालेली जहाजे काढून बंदर निर्धोक करण्याचे तिचे काम १९७२ पासून १९७४ पर्यंत चालले. तेरा दिवसांच्या युद्धाचा केर काढावयास दोन वर्षांहून अधिक काळ लागला! रशिया-युक्रेन युद्ध २०२२ साली पेटल्यावर काळ्या समुद्रात सुटून वाहणाऱ्या सुरुंगांचे भय युद्धात नसलेल्या देशांच्या किनाऱ्यांनाही सोसावे लागले, आणि तुर्कस्तान, रुमानिया व बल्गेरिया ह्या तिघांना २०२४ साली सुरुंग काढण्यासाठी संयुक्त पथक उभारावे लागले.

हा केर काढणारी जी नौका, तिची रचना इतर युद्धनौकांहून अगदी निराळी असते. पाणसुरुंग मुख्यतः दोन जातींचे. एक नांगरलेला: तळाशी वजन, वजनाला तार आणि तारेच्या टोकाला पृष्ठभागाखाली तरंगणारा स्फोटक गोळा. ह्यासाठी नौकेमागून पाण्यात लांब तार ओढीत न्यावयाची. तिच्यावर कातऱ्या बसविलेल्या असतात आणि तरंडाच्या योगाने ती बाजूला फाकते. सुरुंगाची तार तुटली की गोळा वर येतो आणि मग तो दुरून गोळ्या घालून फोडतात. ही झाली जुनी रीत. दुसरी जात अधिक कपटी. हा सुरुंग तळाच्या चिखलात पडून राहतो आणि वरून जाणाऱ्या जहाजाच्या लोखंडाचे चुंबकत्व, यंत्राचा आवाज आणि पाण्याचा बदललेला दाब ह्यांची चाहूल घेतो. काही सुरुंगांत तर मोजणीची योजना असते. पहिली काही जहाजे तो मुकाट्याने जाऊ देतो आणि वाट निर्धोक आहे असे सर्वांस वाटू लागले की पुढच्या जहाजाखाली फुटतो. नोव्हेंबर १९३९ मध्ये टेम्सच्या मुखाशी, शूबरीनेसच्या चिखलात, असा एक जर्मन चुंबकी सुरुंग इंग्रजांच्या हाती लागला. लेफ्टनंट कमांडर जॉन ऊव्हरी ह्यांनी जिवावर उदार होऊन तो उकलला, तेव्हा कोठे त्यावरील उपाय सुचू लागला.

अशा शत्रूच्या अंगावरून ज्या नौकेने जावयाचे, तिने स्वतःचे अंग चोरले पाहिजे. म्हणून तिचा सांगाडा पोलादाचा करीत नाहीत. पूर्वी तो लाकडाचा असे; पुढे काचतंतूंच्या थरांचा होऊ लागला. यंत्रेही शक्य तितकी चुंबकत्व न धरणाऱ्या धातूंची आणि आवाज पाण्यात उतरू नये अशा बैठकीवर बसविलेली. उरलेल्या लोखंडाचे चुंबकत्व मारण्यासाठी नौकेभर विजेच्या तारांची वेटोळी. ध्वनिलहरी सोडून तळाचे चित्र घ्यावयाचे, संशयास्पद वस्तू दिसली की थांबून लहानसे यंत्र पाण्यात सोडून तिची ओळख पटवावयाची आणि सुरुंग ठरल्यास त्याच्याशेजारी स्फोटक ठेवून तो उडवावयाचा, असे हे काम आहे. त्यात वेगाला किंमत नाही. किंमत आहे ती चिकाटीला. एकेक हात समुद्रतळ पारखून घ्यावा लागतो. विनाशिकेचा रुबाब ह्या नौकेला नाही. आरमार दिनी गेटवेपाशी जमणाऱ्या गर्दीचे डोळे तिला शोधीत नाहीत. परंतु ती पुढे गेल्याशिवाय विनाशिकेला आणि विमानवाहू नौकेलाही बंदराबाहेर निर्धास्त पाऊल टाकता येत नाही.

अशा नौका आपल्यापाशी होत्या. १९५० च्या दशकात ब्रिटनकडून 'कारवार', 'काकीनाडा', 'कन्नानूर' आणि 'कडलूर' ह्या चार नौका आपण घेतल्या. त्यांना अॅल्युमिनियमच्या फासळ्या आणि वर महोगनी लाकडाच्या फळ्या होत्या. पुढे 'भटकळ' आणि 'बुलसार' ह्या दोन लहान लाकडी नौका तर आमच्या माझगाव गोदीतच बांधल्या गेल्या. ज्या मुंबईत वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली, आणि ज्यांतील १८१७ सालचे 'त्रिंकोमाली' इंग्लंडात आजही तरंगत आहे, त्या मुंबईच्या परंपरेला साजेसेच ते होते. नंतर सोव्हिएत देशातून १९७८ ते १९८८ ह्या काळात बारा मोठ्या सुरुंगशोधक नौका आणि १९८३-८४ च्या सुमारास सहा लहान नौका आल्या. त्यांची नावे वाचली की गिरगाव-लालबागच्या कोणाही कोकणवासीयाचे मन भरून यावे. रत्नागिरी, मालवण, कोकण! ज्या बंदरांतून आपल्या आजोबा-पणजोबांनी बोटीवर पाय ठेवून मुंबई गाठली, त्या बंदरांची नावे घेऊन ह्या नौका त्याच बंदरांच्या रक्षणासाठी समुद्रावर फिरत होत्या.

त्या वृद्ध झाल्या. ९ मे २०१७ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत 'कारवार' आणि 'काकीनाडा' ह्यांनी तीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्ती घेतली. २०१८ साली 'कोकण' गेली. एप्रिल २०१९ मध्ये विशाखापट्टणम येथे 'कोळिकोड'वरील ध्वज उतरविला गेला आणि त्या दिवसापासून भारतीय नौदलाकडे खास ह्या कामासाठी बांधलेली एकही नौका उरली नाही. अकरा हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा, बारा मोठी बंदरे, वाढवणला उभे राहणारे आणखी एक महाबंदर, आणि त्यांच्या वाटा झाडणारी नौका एकही नाही! पाकिस्तानने १९९० च्या दशकातच फ्रेंच बनावटीच्या तीन सुरुंगशोधक नौका मिळविल्या आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

म्हातारपण अचानक येत नाही. ह्या नौका केव्हा थकणार हे नौदलाला ठाऊक होते, त्याने ते वेळेवर सांगितलेही होते. २००८ साली नव्या नौकांसाठी निविदा निघाली. दक्षिण कोरियातील एका कंपनीची निविदा सर्वांत कमी ठरली, परंतु मध्यस्थांच्या वापराचा आक्षेप निघून २०१४ साली सारा व्यवहार रद्द झाला. २०१५ साली बारा नौका बांधण्याचे काम गोवा शिपयार्डकडे सोपविण्याचे ठरले. खर्चाचा अंदाज बत्तीस हजार कोटी रुपयांचा. त्यासाठी गोव्याच्या त्या कारखान्यात काचतंतूंच्या बांधणीची नवी व्यवस्था उभी राहू लागली. परंतु परदेशी कंपनीशी किंमत आणि तंत्रज्ञान ह्यांवर एकमत झाले नाही आणि जानेवारी २०१८ मध्ये तीही निविदा मागे घेण्यात आली. दहा वर्षे गेली आणि पाण्यात एक फळीही उतरली नाही. जुलै २०२५ मध्ये संरक्षण संपादन परिषदेने सुमारे एक लाख पाच हजार कोटींच्या ज्या प्रस्तावांना प्राथमिक मंजुरी दिली, त्यांत सुरुंगशोधक नौका आहेत. ह्या निर्णयाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. तथापि ही मंजुरी केवळ गरज मान्य केल्याची आहे. तिच्यानंतर निविदा, पारख, किंमतीची घासाघीस, मंत्रिमंडळाच्या समितीची संमती, करार आणि मग बांधणी अशा पायऱ्या असतात, आणि ह्यांपैकी कोणत्याही पायरीवर पाय घसरू शकतो हे मागील अनुभवाने शिकविले आहे.

ह्यावर काही आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करू. पहिला असा की आता माणसांवाचून चालणारी यंत्रे आली आहेत, नौकाच कशाला? यंत्रे आली आहेत हे खरे आणि त्यांचे महत्त्व वाढत जाणार हेही खरे. परंतु ती यंत्रे समुद्रावर नेणारी, त्यांना विसावा देणारी आणि त्यांनी आणलेल्या चित्राचा अर्थ लावणारी माणसे वाहणारी नौका लागतेच. बेल्जियम आणि नेदरलँड्स ह्या दोन देशांनी २०१९ साली बारा नौकांचा करार केला तो ह्याच कल्पनेवर. त्यांत नौका सुरुंगांच्या टापूबाहेर राहते आणि यंत्रे आत जातात. यंत्रांचे युग आले म्हणून त्यांनी नौका सोडल्या नाहीत; नौकांचा आराखडा बदलला. दुसरा आक्षेप असा की प्रसंग आलाच तर मित्रराष्ट्रे धावून येतील. चितगावला सोव्हिएत तुकडी आली ती युद्ध संपल्यावर. युद्ध चालू असता आपल्या उंबरठ्यावरचे सुरुंग परक्याने काढावेत अशी अपेक्षा धरणे स्वाभिमानाला आणि व्यवहारालाही सोडून आहे. तिसरा आक्षेप पैशाचा. पाणबुड्या, विनाशिका, विमाने ही निकड मोठी असे सांगतात. ही निकड आम्हांस मान्य आहे. परंतु महागडी घोडी विकत घेऊन तबेल्याच्या दारातला खड्डा तसाच ठेवणाऱ्या धन्याला आपण काय म्हणू? मे २०२५ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी आणि नौदलाने स्वदेशी बहुप्रभावी तळसुरुंगाची यशस्वी चाचणी घेतली. जे शस्त्र आपण घडवितो ते शत्रूही घडवू शकतो, एवढे तरी त्या चाचणीवरून ध्यानात यावयास हवे.

आमची खरी चिंता मात्र नौकांच्या संख्येपेक्षा वेगळी आहे. एका जन्माच्या शिक्षकाला ती विशेष जाणवते. विद्या पुस्तकात राहत नाही; ती शिकविणाऱ्याकडून शिकणाऱ्याकडे जाते. तारेला किती ताण द्यावा, गढूळ पाण्यात यंत्राने दाखविलेली सावली दगडाची की सुरुंगाची, भरतीच्या ओढीत नौका जागच्या जागी कशी धरावी, हे वडील खलाशाच्या शेजारी उभे राहून वर्षानुवर्षे शिकावयाचे असते. 'कोळिकोड'वरून उतरलेला तरुण खलाशी आज दुसऱ्या कामावर असेल, वृद्ध खलाशी निवृत्त झाला असेल. नव्या नौका आल्या तरी त्यांवर नव्या मुलांना शिकवावयास कोण उभे राहणार? शाळेत एक इयत्ता बंद पडली तर पुढच्या वर्षी वरची इयत्ता ओस पडते. तोच न्याय येथे लागू आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत 'माहे' ही नवी नौका दाखल झाली. तिच्या वर्गातील नौकांना जुन्या सुरुंगशोधकांचीच नावे दिली आहेत. परंतु त्यांचे काम पाणबुड्यांचा माग काढण्याचे. नावाचा वारसा चालला ह्याचा आम्हांस आनंद वाटतो. कामाचाही वारसा चालावा एवढीच मागणी आहे.

ह्या दिरंगाईचे मोल मुंबईकर नागरिकाच्या घरापर्यंत कसे पोहोचेल, ह्याची चुणूक आपण पाहिली आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ह्या दोन जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' कलंडली आणि तिच्यावरचे शेकडो कंटेनर पाण्यात वाहू लागले. त्यामुळे मुंबई आणि न्हावाशेवा ही दोन्ही बंदरे काही दिवस ठप्प झाली, मालाची जहाजे बाहेर ताटकळली, तेलाच्या सांडण्याने कोळ्यांची जाळी हप्त्यांमागून हप्ते वाळत पडली. ते कंटेनर डोळ्यांना दिसत होते आणि त्यांपैकी एकही स्फोटक म्हणून ठेवलेला नव्हता. न दिसणारे, मोजता न येणारे आणि मुद्दाम पेरलेले सुरुंग त्याच वाटेत आहेत अशी नुसती वार्ता आली, तरी विमा कंपन्या जहाजांना येऊ देणार नाहीत आणि वाट झाडून झाली असे कोणीतरी खात्रीने सांगेपर्यंत जवाहर बेटाचा धक्का रिकामा राहील. ती खात्री देणारा आज कोण आहे?

म्हणून आमच्या मागण्या तीन. पहिली, जुलै २०२५ च्या मंजुरीला तारखांची जोड द्यावी. करार केव्हा, पहिली नौका केव्हा, ह्याचा हिशेब संरक्षण मंत्रालयाने दर अधिवेशनात संसदेपुढे ठेवावा. गुप्ततेची सबब येथे चालणार नाही. नौका नाहीत ही गोष्ट शत्रूस ठाऊकच आहे. दुसरी, पहिली नौका येईपर्यंत थांबून न राहता माणसे आजच तयार करण्यास प्रारंभ करावा. निवृत्त अधिकाऱ्यांना आणि खलाशांना शिकवावयास बोलवावे, मित्रराष्ट्रांच्या नौकांवर आपली तरुण मुले पाठवावीत आणि मुंबईच्या वाटेचा तळ शांततेच्या काळातच इंचाइंचाने नोंदवून ठेवावा, म्हणजे उद्या नवी वस्तू दिसली तर ती नवी आहे हे तरी कळेल. तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची मागणी अशी की एकदम बारा नौका घेऊन तीस वर्षे विसरून जाण्याची रीत सोडावी. थोड्या थोड्या नौका बांधाव्यात, परंतु बांधणी कधी थांबू नये. कारखान्यातील कारागीर आणि नौकेवरील खलाशी ह्या दोघांच्याही हाताला काम राहिले तरच विद्या राहील. गोव्यात आणि माझगावात असे हात आहेत. त्यांना दहा वर्षे आशेवर ठेवणे हा त्यांच्याही कौशल्याचा अपमान आहे.

आमच्या वाचकांनीही ह्या बाबतीत आपला वाटा उचलला पाहिजे. आपण आपल्या खासदारास रस्ता, पूल आणि लोकलगाडी ह्यांविषयी विचारतो, ते योग्यच आहे. परंतु ज्या वाटेने ह्या नगरीचे तेल, धान्य आणि व्यापार येतो तिच्या पहाऱ्याविषयी आजवर किती जणांनी विचारले? मुंबईच्या सहा खासदारांपैकी प्रत्येकास हा प्रश्न मतदारांनी घालावा. शीवच्या टेकडीवर पहारा बसविणाऱ्या परक्या व्यापाऱ्यांना हे बेट आपले वाटत नव्हते, तरीही त्यांनी त्याची शीव मोकळी ठेवली नाही. हे बेट आमचे आहे, हा समुद्र आमचा आहे, आणि त्याच्या शिवेवरचा पहारा २०१९ सालापासून रिकामा आहे. तो भरण्यास आता एका अधिवेशनाचाही उशीर होता कामा नये.